पाणी ठेवणे आणि पाणी पाजणे

एखाद्याला मारणे आणि एखाद्याला मरू देणे, या दोहोंत नैतिक फरक आहे का? तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत हा प्रश्न बुडणारे मूल आणि काठावर उभा राहिलेला माणूस अशी उदाहरणे घेऊन चर्चिला जातो. आम्ही तो एका पेल्याच्या उदाहरणाने मांडू इच्छितो. खाटेवर एक वृद्ध माणूस आहे. अर्धांगाने त्याचा उजवा हात गेलेला आहे. पाण्याने भरलेला पेला उजव्या बाजूच्या टेबलावर आहे. सकाळी कोणीतरी तो तिथे ठेवला, संध्याकाळी कोणीतरी तो तसाच भरलेला उचलून नेला. नोंदवहीत लिहिले गेले, 'पाणी दिले.' ही नोंद खोटी नाही. माणूस दिवसभर तहानलेला राहिला, हेही खोटे नाही. मग खोटे काय आहे? आणि गुन्हा कोणाचा आहे?

हा प्रश्न ज्या जागी रोज उभा राहतो, ती जागा म्हणजे पाश्चात्त्य देशांतील नर्सिंग होम. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की एखादे लहान खाजगी इस्पितळ किंवा बाळंतपणाचा दवाखाना डोळ्यांसमोर येतो. तिकडे या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ज्यांना स्वतःहून उठता-बसता, खाता-पिता येत नाही, अशा वृद्धांनी उरलेले आयुष्य जिथे काढायचे ते निवासस्थान म्हणजे नर्सिंग होम. आपल्या वृद्धाश्रमांत पुष्कळदा हिंडते-फिरते लोक असतात. तिथे बहुतेक जण दुसऱ्याच्या हातावर जगणारे असतात. म्हणूनच तिथे भूक आणि तहान हा केवळ स्वयंपाकघराचा विषय राहत नाही. तो नीतीचा विषय होतो.

शरीराचे थोडे गणित आधी समजून घेतले पाहिजे. तरुण माणसाला तहान लागते आणि तो उठून पाणी पितो. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंद होत जाते. शरीरात पाण्याचा साठा मुळातच कमी झालेला असतो, मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकद घटलेली असते, रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. म्हणजे शरीर कोरडे पडत असते आणि माणसाला त्याची खबर नसते. मग तो बरळू लागतो, गोंधळतो, उठताना तोल जाऊन पडतो, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो. पाहणारे म्हणतात, 'आता वय झाले.' वयावर सगळा आळ घालता येतो, हीच या दुर्लक्षाची सर्वांत मोठी सोय आहे.

अन्नाचेही तसेच. कवळी सैल झालेली असते, घास गिळताना ठसका लागतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला समोरचे ताट हे अन्न आहे, एवढेही कधीकधी ओळखू येत नाही. अशा एका माणसाला नीट भरवायचे तर अर्धा तास सहज लागतो. समजा, एका कर्मचाऱ्याकडे अशी दहा माणसे आहेत. दहा अर्धे तास म्हणजे पाच तास. जेवणाची वेळ मात्र तासाभराची. हे गणित आमच्या चौथीच्या वर्गातले मूलही सोडवील. उत्तर एकच येते, कोणीतरी उपाशी राहणार. कोण राहणार? जो मागत नाही तो.

हे आम्ही कल्पनेने रचत नाही. ऑस्ट्रेलियाने या बाबतीत स्वतःची जितकी उघड चौकशी केली तितकी फार थोड्या देशांनी केली असेल, म्हणून तिथलाच दाखला देतो. तिथल्या सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये वृद्धसेवेच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमला. आयोगाचा अंतरिम अहवाल ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी आला. त्याला नाव दिले होते फक्त एका शब्दाचे, 'दुर्लक्ष'. क्रौर्य नव्हे, छळ नव्हे, दुर्लक्ष. अंतिम अहवाल मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात १४८ शिफारशी होत्या. आयोगापुढे आलेल्या माहितीनुसार अभ्यासात पाहिलेल्या निवासी वृद्धांपैकी ६८ टक्के लोक कुपोषित तरी होते किंवा कुपोषणाच्या उंबरठ्यावर तरी होते. लक्षात घ्या, हा दुष्काळी मुलूख नाही. गहू, मांस, दूध जगाला विकणारा देश आहे.

त्याच देशात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने शेकडो वृद्धनिवासांचे हिशेब तपासले होते. एका रहिवाशाच्या दिवसभराच्या अन्नसामग्रीवर सरासरी ६ डॉलर ८ सेंट खर्च होत होते. तुरुंगातल्या कैद्यासाठी हाच आकडा त्या अभ्यासात ८ डॉलर २५ सेंट होता. ज्याने गुन्हा केला त्याच्या ताटात जास्त आणि ज्याने आयुष्यभर कर भरला त्याच्या ताटात कमी! शिवाय हे वृद्ध फुकट जेवत नव्हते. जेवण, धुलाई, सफाई यांसाठी तिथे रहिवाशाकडून मूळ पेन्शनच्या ८५ टक्के इतकी रक्कम घेतली जाते.

आता गुन्हेगार शोधायला निघा. ताट ठेवणारी बाई म्हणेल, 'माझे काम ताट ठेवण्याचे.' ताट उचलणारा म्हणेल, 'मला वाटले, यांना भूक नसावी.' भरवणारी म्हणेल, 'मला दोनच हात आहेत.' परिचारिका म्हणेल, 'माझ्या पाळीच्या आधीच ताटे उचलली होती.' व्यवस्थापक म्हणेल, 'मंजूर खर्चात एवढीच माणसे बसतात.' मालक सरकारकडे बोट दाखवील, सरकार करदात्याकडे. आणि मुलगा म्हणेल, 'आम्ही तर पैसे भरून, चांगली जागा पाहूनच ठेवले होते.' यांतला प्रत्येक जण खरे बोलत आहे. कोणाच्याही मनात त्या म्हाताऱ्याविषयी वैर नाही. तरीही त्याचे वजन महिन्यामागून महिने घटत आहे. खून झाला आहे आणि खुनी नाही, अशी ही अजब अवस्था आहे.

कायद्याने या अवस्थेचा विचार केला होता का? केला होता, आणि तोही आपल्याच देशासाठी. भारतीय दंडविधानाचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये सादर केला, तेव्हा त्यासोबत टिपणे जोडली होती. त्यांत हाच प्रश्न विचारलेला आहे. एका माणसाने दुसऱ्याला अन्न दिले नाही आणि जाणूनबुजून त्याचा जीव जाऊ दिला, तर तो खून आहे का? उत्तराचा आशय असा की न देणारा जर तुरुंगाधिकारी असेल आणि मरणारा त्याचा कैदी, तर तो खून. मरणारे जर त्याचे स्वतःचे तान्हे मूल असेल, तर खून. मरणारा अंथरुणाला खिळलेला रुग्ण आणि न देणारी व्यक्ती त्याला भरवण्यासाठी नेमलेली परिचारिका असेल, तरीही खून. पण मरणारा दारावरचा भिकारी असेल, माणुसकीखेरीज त्याचा दुसरा कोणताही हक्क नसेल, तर तो खून नव्हे.

पुढे १८६० मध्ये झालेल्या भारतीय दंडसंहितेच्या ३७ व्या कलमाखाली एक उदाहरण आले. दोन तुरुंगाधिकारी सहा-सहा तासांच्या पाळीने एका कैद्यावर देखरेख करतात. दोघेही आपापल्या पाळीत, त्याच्यासाठी आलेले अन्न त्याला देत नाहीत. कैदी उपासमारीने मरतो. दोघेही खुनाचे दोषी. हे वाचताना आम्ही थबकलो. पाळ्यांची वाटणी झाली म्हणून पापाची वाटणी होत नाही, दोष अर्धा-अर्धा होत नाही, हे त्या काळच्या कायदेपंडितांना दिसले होते. पण एक अट होती, दोघांच्या मनात हेतू हवा. हेतूच नसेल, दोघांनाही 'दुसऱ्याने दिले असेल' असे वाटत असेल, तर? तिथे त्या कायद्याचा आवाज खाली येतो. असहाय माणसाची सेवा करण्याचा करार करून ती बुद्ध्या न करणाऱ्यास त्याच संहितेच्या ४९१ व्या कलमात शिक्षा होती, तीन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि दंडाची मर्यादा पाच हजार झाली. एका टोकाला खून, दुसऱ्या टोकाला किरकोळ दंड. आणि वृद्धांची भूक-तहान बहुतेक वेळा या दोहोंच्या मधल्या अंधारात राहते.

आमच्या फिकहमध्येही, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या कायदेविचारातही, यावर मोठा खल झालेला आहे. एखाद्याने दुसऱ्याला खोलीत कोंडले आणि तो भुकेने किंवा तहानेने मेला, तर कोंडणाऱ्यावर काय दायित्व? इमाम अबू हनीफा यांचे मत असे की त्याच्याकडून भरपाई घेता येणार नाही, कारण मृत्यू भुकेने आला. कोंडणाऱ्याच्या कृतीने नव्हे. त्यांचेच दोन थोर शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, या जागी गुरूंशी सहमत झाले नाहीत. त्यांच्या मते कोंडणाऱ्याने दियत, म्हणजे प्राणाची भरपाई, दिलीच पाहिजे. अन्नपाण्यावाचून माणूस जगत नाही, आणि ते मिळवण्याची वाट तर यानेच बंद केली. अकराव्या शतकातील अंदलुसचे इब्न हज्म यांच्याही पुढे गेले. तहानलेल्याने पाणी मागितले, त्याला दुसरीकडे पाणी मिळणार नाही हे लोकांना ठाऊक होते, तरी त्यांनी ते दिले नाही आणि तो मेला, तर त्यांनी त्याला मारलेच, असे ते मानतात. मेकॉलेने ज्या भिकाऱ्याला दाराबाहेर ठेवले, त्याला इब्न हज्म यांनी दाराच्या आत घेतले.

येथे कोणता इमाम बरोबर, हे ठरवण्याचा अधिकार आमच्यासारख्या शिक्षकाला नाही. भरपाईचा प्रश्न वेगळा आणि पापाचा प्रश्न वेगळा, हेही आम्ही जाणतो. पण दोन शिष्यांच्या युक्तिवादात या विषयाची किल्ली आहे असे आम्हाला वाटते. भूक तर प्रत्येकाला लागते. तहानेची तक्रार कोणावर करणार? परंतु ज्या क्षणी एका माणसाचे उठणे, चालणे, घेणे दुसऱ्याच्या ताब्यात जाते, त्या क्षणी त्याची तहानही दुसऱ्याच्या ताब्यात जाते. आमच्या मुलांना दीनियातमध्ये शिकवली जाणारी मांजरीची हदीस हेच सांगते. एका स्त्रीने मांजर बांधून ठेवली. तिला स्वतः खायला घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-मकोडे खाण्यासाठी सोडलेही नाही. मांजर मेली आणि ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. त्या स्त्रीने मांजरीला मारले-झोडले असे हदीसमध्ये नाही. तिचा गुन्हा दोन गोष्टींच्या बेरजेत आहे, बांधणे आणि विसरणे. नुसते बांधणे हा कदाचित एवढा गुन्हा ठरला नसता. नुसते विसरणेही नाही. मोकळी मांजर आपले पोट भरतेच.

ही बेरीज पाहिली की नर्सिंग होममधल्या सगळ्यांची उत्तरे लंगडी पडतात. 'माझा हेतू नव्हता' हे उत्तर बांधणाऱ्याला देता येत नाही. ज्याने ताबा घेतला, त्याच्यावर आठवण ठेवण्याचे बंधन आले. आठवण न राहणे ही त्याच्या बाबतीत निष्पाप चूक राहत नाही.

इथवर वाचून आपल्यापैकी काही जण सुखावले असतील. 'ही पाश्चात्त्यांची रीत. आपल्यात आई-वडिलांना असे कोणी टाकत नाही.' आई-वडिलांसमोर वैतागाचा साधा उद्गारही काढू नये अशी कुरआनची ताकीद आहे, हे आपण प्रत्येक जलशात ऐकतो. आमच्या उर्दू शाळेत 'बुजुर्गांची खिदमत' या विषयावर निबंध दिला की मुले पानेच्या पाने भरतात. सगळी मुले खिदमतीच्या बाजूची असतात. पण जरा आपल्या घरांत डोकावूया.

दोन खोल्यांचे घर आहे. संडास बाहेर आहे किंवा एक मजला खाली. दादीला गुडघ्यांमुळे एकटीने जाता येत नाही. रात्री कोणाला उठवायचे? मुलगा सकाळच्या पाळीला जाणार, सून दिवसभर राबलेली, नात परीक्षेच्या अभ्यासात. मग दादी एक साधा उपाय शोधते. ती संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. पुढे दुपारनंतरही पीत नाही. कोणी पेला पुढे केला तर म्हणते, 'नको बेटा, तहान नाही.' लघवीच्या भीतीने पाणी तोडणे ही तिकडच्या वृद्धनिवासांतही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियातली आजी आणि आपल्या मोहल्ल्यातली दादी इथे सख्ख्या बहिणी होतात. एकीने घंटा वाजवणे सोडले आहे, दुसरीने हाक मारणे. दोघींनाही कोणावर ओझे व्हायचे नाही. आणि आपण तिच्या या 'नको'ला तिचा सब्र समजून तिचे कौतुक करतो!

आकडेही फार सुखावणारे नाहीत. वृद्धांविषयीचे 'लासी' हे मोठे राष्ट्रीय सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये झाले. साठीपुढच्या भारतीयांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांचे वजन प्रमाणापेक्षा कमी असल्याचे त्यात आढळले. यांतले बहुसंख्य वृद्ध कोणत्याही आश्रमात नव्हते. ते घरांत होते, मुलाबाळांत होते. यात गरिबीचा वाटा मोठा आहे, हे नाकारता येत नाही. जिथे घरातच अन्न कमी, तिथे शेवटी जेवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्या घरात कोरमा शिजतो, त्याच घरात दात नसलेल्या अब्बांसाठी वेगळा मऊ भात किंवा शोरब्यात भिजवलेली रोटी करायला कोणाला सवड होत नसेल, तर तो गरिबीचा प्रश्न राहत नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर घातली. त्या निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार हे सर्व धरले आहे. सांभाळ करणाऱ्याने वृद्धाला कायमचे सोडून देण्याच्या हेतूने एखाद्या ठिकाणी टाकले, तर तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. कायदा चांगला आहे. पण माणसाला टाकून द्यायला दूरचे ठिकाणच लागते असे नाही. आपल्याच घरातला खिडकीजवळचा कोपराही पुरतो.

आणखी एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. आपल्याकडे आई-वडिलांची खिदमत मुलगा करतो असे म्हणतात, पण हात कोणाचे राबतात? सुनेचे. भरवणे, धुणे, उठवणे, बसवणे, सगळे तिचे. उलेमांपैकी अनेकांचे म्हणणे असे आहे की सासू-सासऱ्यांची सेवा हा सुनेचा चांगुलपणा आहे, तिच्यावरचे फर्ज नाही. फर्ज आहे ते पोटच्या मुलांवर. म्हणजे मुलाने आपले फर्ज बायकोकडे सोपवले आणि सवाब मात्र स्वतःच्या खात्यावर ठेवला. नर्सिंग होमला पैसे भरून निर्धास्त होणारा तिकडचा मुलगा आणि बायकोवर सोडून निर्धास्त होणारा इकडचा मुलगा, यांत नैतिक अंतर किती? पहिला निदान पगार तरी देतो.

मग वृद्धाला संस्थेत ठेवणे पाप आहे का? आमचे मत असे की प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. छप्पर कोणाचे आहे यावर पाप-पुण्य ठरत नाही. ज्या घरात सर्वांना बाहेर काम आहे, तिथे दिवसभर एकट्या पडलेल्या आईपेक्षा चांगल्या संस्थेतली आई सुखी असू शकते. कसोटी एकच आहे. आज या माणसाने किती पाणी प्याले, हे ज्याला विचारता येईल असा एक माणूस आहे का? सर्वांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नव्हे. जबाबदारीला नाव लागते.

शाळेत आम्हाला हे रोज दिसते. शालेय पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चाखावी आणि त्यांत निदान एक शिक्षक असावा, असा नियम आहे. पुष्कळांना ते जाचक वाटते. पण त्या नियमात मोठी समज आहे. 'खिचडी शिजली' अशी नोंद पुरेशी नाही. ती कोणाच्या तरी जिभेवरून गेली पाहिजे. मुलांसाठी आपण इतके केले, कारण मूल उद्याचा नागरिक आहे. वृद्ध कालचा नागरिक आहे, आणि कालच्याची चव कोणी पाहत नाही.

ऑस्ट्रेलियाने आयोगानंतर काही पावले उचलली. जुलै २०२१ पासून प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला १० डॉलर जादा अनुदान सुरू केले आणि अन्नावर किती खर्च होतो हे कळवणे संस्थांना भाग पाडले. जुलै २०२३ पासून निवासांत चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका असणे आवश्यक केले. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक रहिवाशाला दिवसाकाठी सरासरी २१५ मिनिटे सेवा मिळावी, असे ठरवले. प्रेमाची मोजदाद मिनिटांत करावी लागते याचे हसू येईल. आम्हाला येत नाही. ज्याला प्रेम करता येत नाही त्याने निदान मोजावे, आणि जो प्रेम करतो असे म्हणतो त्याने तर मोजावेच. दादीच्या उशाशी एक तांब्या भरून ठेवावा, रात्री त्यात किती उरले ते पाहावे, आणि हे पाहणे घरातल्या एका ठरलेल्या माणसाकडे असावे; शक्यतो मुलाकडे. रात्री तिला संडासला नेण्याची पाळीही ठरलेली असावी, म्हणजे तिला पाणी प्यायला धीर येईल.

मारणे आणि मरू देणे यांतला फरक तत्त्वज्ञ ठरवोत. काठावरच्या अनोळखी माणसाविषयी त्यांचे मतभेद राहतीलही. पण ज्याचा हात आपल्या हातात आहे, जो आपल्याशिवाय पेल्यापर्यंत पोहोचू शकत नाही, त्याच्या बाबतीत तो फरक उरत नाही. तिथे पाणी ठेवणे म्हणजे पाणी देणे नव्हे. पाणी ओठांना लागले पाहिजे, आणि ते लागले की नाही हे पाहायला कोणीतरी तिथे बसलेले असले पाहिजे.